आम्लाला दाद न देणारा लेप : युड्रॅगिट एल 100-55

जठरातील आम्लात नासणारी औषधे लहान आतड्यापर्यंत सुखरूप पोचवण्यासाठी गोळ्यांवर चढवला जाणारा युड्रॅगिट एल 100-55 हा मेथाक्रिलिक आम्लयुक्त पॉलिमरचा लेप मला मनापासून आवडतो. तीव्र आम्लात त्याचे कार्बोक्सिल गट (रेणूतले आम्लधर्मी भाग) प्रभाररहित राहतात, म्हणून पापुद्रा टिकून राहतो; सामू (पीएच; तो जितका जास्त, तितकी आम्लता कमी) 5.5 च्या वर गेला, की हेच गट प्रोटॉन सोडून ऋणप्रभारित होतात, एकमेकांना दूर लोटतात, पाणी आत शिरते आणि लेप विरघळतो. जठरातल्यासारख्या तीव्रतेच्या, 0.1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात दोन तास अखंड राहिलेली गोळी 6.8 सामूच्या फॉस्फेट द्रावणात उघडताना पाहणे, हा प्रयोगशाळेतला खरा आनंद आहे. मात्र नुसता पापुद्रा ठिसूळ असतो. त्यात ट्रायएथिल सायट्रेटसारखे लवचीकपणा आणणारे द्रव्य मिसळावे लागते. औषध मोठ्या आतड्याजवळच सुटायला हवे असेल, तर सामू 7 च्या वर विरघळणारा, याच मालिकेतला युड्रॅगिट एस 100 घ्यावा.