पणजीतला चिनी शाईचा वर्कशॉप: गोष्टी भारी, कागद बेकार

गेल्या रविवारी आल्तिनोवर चिनी शाईने चित्रं काढायच्या एका वर्कशॉपला गेलो, तीन तास, १२०० रुपये, कागद-शाई त्यांची. नाव घालत नाही कारण पुढे थोडं रडगाणं आहे. फोंड्याहून कदंबा बस पकडून भिजतच पोचलो.

पहिला दीड तास मॅडम नुसत्या स्लाइड दाखवत बोलल्या आणि पैसे तिथेच वसूल. चीनच्या सोंग घराण्यातला राजा हुइझोंग स्वतः चित्रकार, ११०४ साली त्याने सरकारी चित्रशाळा काढली, परीक्षेत कवितेची ओळ देऊन चित्र काढायला सांगायचे. ओळ काय तर फुलं तुडवून परतणाऱ्या घोड्याच्या टापांना सुगंध येतोय. आता वास काढणार कसा? एका पठ्ठ्याने म्हणे टापांमागे फुलपाखरं काढली!

पण त्याच जमान्यात सु शीसारखे कवी-अधिकारी म्हणायचे, हुबेहूबपणावर चित्र जोखणं म्हणजे पोरकटपणा. ही विद्वान मंडळी पोटासाठी नाही, दोस्तांसाठी काढायची. पुढे मंगोल राज्यात चित्रकार ह्वांग गोंगवांगने १३५० मध्ये फुचुन डोंगरांचं लांबलचक चित्र असंच एका ताओपंथी मित्राला दिलं, आणि मग ४०० वर्षांनी खरी मजा. चियेनलोंग बादशहाकडे आधी त्याची नक्कल आली, ती खरी समजून त्याने तिच्यावर पन्नासेक वेळा लिहून जागाच ठेवली नाही, वर्षभरात अस्सल आलं तर त्याला नक्कल ठरवून बाजूला ठेवलं, म्हणून ते कोरं राहिलं!! राजाश्रय चुकला ते बरंच झालं म्हणायचं. त्याआधीच १६५० मध्ये एका मालकाने मरताना ते जाळायला घेतलेलं, तेव्हा झालेले दोन तुकडे आज तैपेई आणि हांगचौला आहेत.

मग हाताने करायची वेळ आली आणि सगळं ढेपाळलं. सहाणेवर गंध उगाळतात तशी शाईची कांडी दगडावर उगाळायची असते, पण कांडी एकच, ती फक्त बघायला फिरवली, आम्हाला बाटलीतली शाई. कागद तर शाळेच्या ड्रॉइंग बुकचा. चिनी कागद शाई पितो, म्हणून तर ओली-सुकी रेघ दिसते, इथे शाई वरच तरंगत बसली आणि त्यात जुलैचा दमटपणा. पंचवीस माणसं, ब्रश आळीपाळीने. मी काढलेला बांबू बघून घरी आई म्हणाली, शेवग्याच्या शेंगा काय रे?

गोष्टींना ५ पैकी ५, सामानाला १. नुसतं लेक्चर ठेवलं तर परत जाईन. आणि कांडी नि तो कागद पणजी-मडगावात कुठे मिळत असेल तर सांगा ना कोणीतरी.