इथरपॅड : जर्मनच्या वर्गातील सामाईक वही

पुण्यात घरून जर्मनचे ए-टू (सुरुवातीच्या टप्प्यातील दुसऱ्या) पातळीचे वर्ग घेताना गेली दोन वर्षे मी लेखनाच्या सरावासाठी इथरपॅड हे अनेकांना एकाच वेळी एकाच मजकुरावर लिहू देणारे ऑनलाइन साधन वापरते आहे. अ‍ॅपजेट कंपनीने 2008 साली आणलेले हे साधन, गूगलने ती कंपनी विकत घेतल्यावर, डिसेंबर 2009 मध्ये मुक्तस्रोत झाले, म्हणजे त्याचा कोड सर्वांना खुला झाला. त्यामुळे ते विनामूल्य मिळते आणि ज्याला जमेल त्याला स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येते. सार्वजनिक पॅडवर, म्हणजे लिहिण्याच्या खुल्या पानावर, खाते उघडावे लागत नाही. लिंक उघडायची, नाव आणि रंग निवडायचा आणि लिहायला लागायचे.

चौघांनी मिळून एक पत्र लिहिले, तरी कोणता शब्द कोणाचा हे रंगावरून कळते, आणि वर्गात गप्प बसणाऱ्यालाही लिहिते व्हावेच लागते. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो टाइमस्लायडर. ही पट्टी सरकवली, की मजकूर पहिल्या अक्षरापासून पुन्हा लिहिला जाताना दिसतो. मागच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने 'कारण मी आजारी आहे' हे वाक्य जर्मनमध्ये बिनचूक लिहिले होते. पट्टी मागे नेल्यावर दिसले, की तिने आधी 'वाइल इश बिन क्रांक' असे लिहिले, मग 'बिन' खोडून शेवटी नेले : 'वाइल इश क्रांक बिन'. म्हणजे ती इंग्रजीच्या वाटेने जर्मनकडे जात होती. 'वाइल'च्या पोटवाक्यात क्रियापद आपल्या 'आहे'सारखेच शेवटी येते, तेव्हा इथे मराठीचाच हात धरावा, हे तिला त्याच ओळीवर दाखवता आले. पूर्ण करून पाठवलेल्या फाइलवरून मला हा घोळ कळलाच नसता.

उणिवाही आहेत. मूळ स्वरूपात तक्ते करता येत नाहीत, त्यामुळे विभक्तींचे तक्ते दुसरीकडे करावे लागतात. ओळीशेजारी शेरा लिहायचा तर वेगळे प्लगइन (जादा सोयीची जोडणी) बसवावे लागते; ते नसेल तर दुरुस्त्या चॅटमध्ये लिहाव्या लागतात आणि पाचाहून अधिक जण लिहीत असले की कोणती दुरुस्ती कोणासाठी, हेच समजेनासे होते. म्हणून मी चौघांचाच गट करते, आणि तेवढ्यासाठी हे साधन निःसंकोचपणे सुचवीन. सार्वजनिक पॅडची लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला सारे वाचता येते, त्यामुळे पत्रलेखनात विद्यार्थ्यांनी स्वतःचा खरा पत्ता आणि फोन क्रमांक लिहू नये, एवढे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.