विद्यापीठाच्या भाषाकेंद्रातील जर्मन वर्ग, स्तर बी१ : एका सत्रानंतरचा अभिप्राय

पहिल्या दिवशी मी संध्याकाळी ठीक सहाला वर्गाच्या दाराशी पोहोचले, तर दाराला कुलूप. वेळापत्रकात सहाच्या आकड्यापुढे ‘सी. टी.’ अशी अक्षरे होती. ‘कुम टेंपोरे’ या लॅटिन शब्दांचे ते लघुरूप असून, जर्मन विद्यापीठांच्या जुन्या प्रथेनुसार छापील वेळेनंतर १५ मिनिटांनी तास सुरू होतो, हे मला ठाऊक नव्हते. (अक्षरे ‘एस. टी.’ असली तर तास अगदी वेळेवर सुरू होतो, आपल्या एस. टी.शी याचा संबंध नाही.) माझ्यासारखीच फसलेली तुर्कस्तानची एक मुलगी तिथे उभी होती, आणि त्या पाव तासात मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये जी ओळख झाली तिच्या बळावर माझे पुढचे सत्र निभावले.

ए२ पर्यंतचे, म्हणजे बी१ च्या आधीच्या पायरीपर्यंतचे, जर्मन मी पुण्यातच, मॅक्स म्युलर भवनात शिकले होते. पूर्व जर्मनीतील ज्या विद्यापीठात मी पदव्युत्तर शिक्षणासाठी आले, त्याच्या भाषाकेंद्राचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण असे वर्ग तिथल्या बहुतेक विद्यापीठांत असतात. आठवड्यातून दोनदा ९० मिनिटांचा तास आणि विद्यार्थ्यांना परवडेल असे शुल्क, एवढी माहिती पुरे.

या वर्गाचे खरे मोल, माझ्या मते, शिक्षिकेने बसण्याची जी व्यवस्था लावली तिच्यात आहे. पहिले तीन आठवडे मी इंदूरच्या दोन मुलांशेजारी बसत असे आणि जोडीने करायचा प्रत्येक सराव आम्ही हिंदीतच उरकत असू. चौथ्या आठवड्यात बाईंनी दारातच चिठ्ठ्या वाटल्या, आणि समान भाषा नसलेल्यांच्याच जोड्या होतील याची काळजी घेतली. मी कोलंबियाच्या एका मुलाच्या वाट्याला आले. मी दूरध्वनी क्रमांक सांगायचा आणि त्याने लिहायचा, असा सराव होता. मी ‘फ्युन्फ-उंट-फिअर्त्सिश’ म्हटले की तो ५४ लिही, कारण जर्मनमध्ये ४५ म्हणताना आधी पाच आणि मग चाळीस येतात, तर स्पॅनिशमध्ये नेमके उलट. मला अडचण आली नाही, कारण पंचेचाळीसमध्येही पाच आधीच असतात. अरबीतही तसेच आहे, हे मागच्या बाकावरच्या सीरियन वर्गमित्राने सांगितले आणि त्या दिवसापासून वर्गाचे आकडे तपासण्याचे काम आम्हा दोघांकडे आले.

‘दु’ आणि ‘झी’ यांतला भेद आम्हाला समजावून सांगावा लागला नाही. आपसात अरे-तुरे आणि बाईंना अहो-जाहो, हे मराठी माणसाच्या अंगवळणी पडलेलेच असते. नामांच्या लिंगांनी मात्र रडवले. मराठीप्रमाणे तिथेही तीन लिंगे आहेत खरी, पण चमचा दोन्हीकडे ‘तो’ असला तरी काटा तिथे ‘ती’ होतो आणि सुरी ‘ते’.

मधल्या सुट्टीत मात्र सगळे इंग्रजीवर घसरत. सीरियन मित्राला इंग्रजी फारसे येत नव्हते, त्यामुळे तो खिडकीपाशी फोन चाळत उभा राही, आणि हे माझ्या लक्षात यायला महिना लागला याची मला आजही लाज वाटते. तुर्की मैत्रिणीला ते आधी जाणवले. सुट्टीतही जर्मनच बोलायचे, असे तिने जाहीर केले. गप्पांचा वेग निम्म्यावर आला, पण सगळे एका घोळक्यात आले. त्याच सुट्ट्यांमध्ये आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर शब्दांच्या जोड्या लिहू लागलो. तिचे ‘साबून’ म्हणजे आपला साबण, ‘द्युक्यान’ म्हणजे दुकान, ‘हेसाप’ म्हणजे हिशेब, ‘पेर्दे’ म्हणजे पडदा. यांतले बरेच शब्द सीरियन मित्रालाही ओळखीचे निघाले. ‘हवा’ तिघांचीही एकच होती.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. ऑनलाइन नोंदणी सुरू झाल्यावर काही मिनिटांतच जागा भरतात. स्तरनिश्चितीची चाचणी केवळ लेखी असल्यामुळे व्याकरण पक्के पण तोंडाला कुलूप, अशी माझ्यासारखी मंडळी अस्खलित बोलणाऱ्यांच्या शेजारी येऊन बसतात. त्याशिवाय, रोजच्या वागण्यातल्या संकेतांबद्दल कोणी काही सांगत नाही. एका जर्मन सहाध्यायीला मी वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच शुभेच्छा देऊन बसले. तिथे तो अपशकुन मानतात. त्याने हसून ‘उद्या पुन्हा सांग’ म्हटले आणि दुसऱ्या दिवशी केकही त्यानेच आणला, कारण तिकडे केक आणण्याची जबाबदारी ज्याचा वाढदिवस त्याचीच असते.

केवळ परीक्षेच्या तयारीसाठी कोणी हा वर्ग लावणार असेल, तर त्याला वेग कमी वाटेल. त्याने खासगी शिकवणी पाहावी. आम्ही तिघांनी बी२ साठी नाव नोंदवले आहे. या वेळी ज्याचे पान आधी उघडले त्याने उरलेल्या दोघांना लगेच फोन करायचा, असे ठरवले होते, आणि क्रमांक अर्थातच जर्मनमध्ये पाठ केले होते.