एलईडीवरचे फोटोअकूस्टिक यंत्र : आठ महिन्यांनंतर

आमच्या प्रयोगशाळेतील फोटोअकूस्टिक यंत्र एलईडीच्या प्रकाशाचे छोटे स्पंद त्वचेवर टाकते; शिरांतील रक्त तो प्रकाश शोषून क्षीण ध्वनी सोडते, आणि त्वचेवर टेकवलेला प्रोब तो ध्वनी ऐकतो, त्यावरून शिरांचे चित्र तयार होते. गेल्या महिन्यात हे चित्र एकाएकी निम्म्याने मंद झाले, आणि पुरवठादाराच्या सेवा विभागाने यंत्र न पाहताच प्रोबच्या दोन्ही बाजूंच्या एलईडी पट्ट्या बदलण्याचे अंदाजपत्रक पाठवले. त्या रकमेने मी अजूनही अस्वस्थ आहे.

पूर्वी एलईडीच्या जागी असलेल्या एनडी-याग या स्फटिकाच्या लेसरचा प्रत्येक स्पंद कित्येक मिलिज्यूलचा होता. पण त्यासाठी शीतकाचे पाणी, फ्लॅशलॅम्प, गॉगल आणि बंद खोली हा सगळा व्याप सांभाळावा लागे. एलईडीचा स्पंद जेमतेम 0.2 मिलिज्यूलचा असतो, आणि ती तूट सेकंदाला 4000 स्पंदांची सरासरी काढून भरावी लागते. चारशेंची सरासरी घेतली की नॉइज वीसपट घटतो, मात्र पडद्यावर सेकंदाला दहाच चित्रे उमटतात आणि हात जरा हलला की शिरा पुसट होतात. पहिले दोन महिने मी याच कारणासाठी यंत्राला नावे ठेवत होतो. मनगटाखाली वाळूची पिशवी ठेवू लागल्यापासून ते मत मी बदलले आहे, कारण बोटांतील शिरा आता स्वच्छ दिसतात. तीन-चार सेंटिमीटर खोल पाहायचे असेल, तर मात्र लेसरच हवा.

माझी खरी तक्रार पट्ट्या धरणाऱ्या प्लास्टिकच्या ब्रॅकेटविषयी आहे. अगरच्या जेलीच्या ठोकळ्यात शिरेऐवजी काळा धागा रोवून मी एकेक पट्टी काळ्या कार्डाने झाकून पाहिली. उजवी झाकताच धागा दिसेनासा झाला. डावी झाकल्याने काहीच फरक पडला नाही. मग डावी पट्टी मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरली, तेव्हा डोळ्यांना न दिसणारा 850 नॅनोमीटरचा प्रकाश पडद्यावर जांभळट, एकसारखा आणि उजवीइतकाच तेजस्वी दिसला. म्हणजे पट्टी ठणठणीत होती. रोज जेल पुसताना बसणाऱ्या ताणाने ब्रॅकेटमधील स्क्रूचे भोक रुंदावले होते, पट्टी बाहेरच्या बाजूला कलली होती आणि तिचा प्रकाश प्रोब जिथे ऐकतो त्या प्रतलावर पडतच नव्हता.

लेसर काढून एलईडी बसवणे हे यंत्र स्वस्त करण्याचे योग्य पाऊल आहे, असे मी मनापासून मानतो. पण सगळी भिस्त इतक्या क्षीण प्रकाशावर असताना, तो प्रकाश जागेवर धरून ठेवणाऱ्या भागातच काटकसर का करावी? शेजारच्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट करून घेतला, त्याला अंदाजपत्रकाचा शंभरावा हिस्साही लागला नाही. त्याचे रेखाचित्र आणि धाग्याची आधीची-नंतरची चित्रे मी पुरवठादाराला पाठवली आहेत. उत्तर म्हणून तेच अंदाजपत्रक पुन्हा आले.