जी वाइन कधी बनलीच नाही, तिचे मी पैसे भरले

3,491 पौंड 93 पेन्स. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वाचताना "एवढं कळत होतं तर घेतली कशाला?" असं तुम्ही म्हणणारच आहात. म्हणा. विक्रेत्याला 3,335 युरो दिले: सहा बाटल्या प्रत्येकी 540 आणि वर विमा धरून कुरिअरचे 95. बँकेने त्यापोटी खात्यातून 2,884.78 पौंड कापले. पार्सल लंडनला आल्यावर ड्यूटी 17.94, आयात व्हॅट 577.21, आणि कुरिअरवाल्यांचे हाताळणीचे 12. थोडक्यात, खोट्या वाइनवर मी खरा कर भरला. तो परत मागायला गेल्यावर काय झालं ते पुढे येईलच.

माल काय, तर ब्रुनेल्लो दि मॉन्ताल्चीनो रिझेर्वा (इटलीतल्या मॉन्ताल्चीनो गावची तांबडी वाइन; रिझेर्वा म्हणजे जास्त मुरवलेली), मळा काझे बास्से, बनवणारा ज्यानफ्रांको सोल्देरा. 1999 च्या दोन, 2004 च्या दोन आणि 2008 च्या दोन.

सोल्देरा ज्यांना माहीत आहे त्यांनी शेवटचं साल वाचून कपाळाला हात लावला असेल. बाकीच्यांसाठी थोडं सांगतो, नाहीतर यातला मूर्खपणा पुरता कळणार नाही.

सोल्देरा मिलानमध्ये विम्याचा धंदा करायचा. 1972 मध्ये त्याने मॉन्ताल्चीनोजवळ काझे बास्सेची पडीक जमीन घेतली आणि सांजोवेझे द्राक्षं लावली. बाकी कुठलं द्राक्ष नाही, बाहेरून यीस्ट नाही, गाळणं नाही. लाकडाच्या उभ्या टाक्यांत आंबवणं, तापमानावर यंत्राचं नियंत्रण नाही, मग स्लाव्होनियन ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवणं. आजूबाजूचे लोक फ्रेंच पद्धतीची छोटी नवी पिंपं आणून वाइन काळीभोर आणि व्हॅनिलासारखी गोडूस करत होते, तेव्हा हा गृहस्थ त्यांना तोंडावर शिव्या घालत जुन्याच वाटेने चालला. उत्पादन मुळातच थोडं. आता तो नाही, फेब्रुवारी 2019 मध्ये गेला. म्हणजे त्याच्या हातच्या जुन्या बाटल्या दर वर्षी कमीच होत जाणार आणि लबाडांची सोय वाढत जाणार.

डिसेंबर 2012 मध्ये एका रात्री एक माजी कामगार तळघरात शिरला आणि त्याने पिंपांचे नळ सोडून दिले. चोरलं काहीच नाही. 62,600 लिटर वाइन, 2007 पासून 2012 पर्यंतची सहा वर्षं, गटारात. बाटल्यांत मोजाल तर 80 हजारांच्या वर. गावच्या उत्पादक संघाने मदत म्हणून आपली वाइन देऊ केली, तर याने ती नाकारली. दुसऱ्याची वाइन माझ्या नावाने विकली तर ती गिऱ्हाइकाची फसवणूक होईल, असं त्याचं म्हणणं होतं. मग संघाशी बिनसलं, कोर्टबाजी झाली, आणि 2007 पासून पुढचं जे काही थोडं वाचलं ते 'ब्रुनेल्लो' म्हणून आलंच नाही. त्या बाटल्यांवर 'तोस्काना आयजीटी' (प्रादेशिक वाइनचा खालचा दर्जा) छापलेलं असतं.

तेव्हा 2008 ची सोल्देरा मिळू शकते. 2008 ची सोल्देरा 'ब्रुनेल्लो रिझेर्वा' मिळू शकत नाही, कारण ती जगात नाही.

आणि हे मला माहीत होतं. राग त्याचाच आहे. विक्रेत्याकडून फोटो आला तेव्हा हिरव्या-तांबड्या चौकटीच्या ब्लँकेटवर सहा बाटल्या आडव्या ठेवल्या होत्या. उजवीकडच्या दोन मी मोठ्या करून पाहिल्या, 'रिझेर्वा 2008' वाचलं आणि विचारलंसुद्धा. उत्तर चार मिनिटांत आलं: एक पिंप त्या रात्रीच्या आधीच बाटलीबंद झालं होतं, लेबलं जुनी होती, ओळखीतल्या लोकांना वाटलं, बाजारात आलंच नाही. तिथेच फोन खाली ठेवायला हवा होता. ब्रुनेल्लो रिझेर्वा पिकानंतरच्या सहाव्या वर्षाच्या 1 जानेवारीआधी विकता येत नाही, हा नियम आहे. म्हणजे 2008 साठी 1 जानेवारी 2014. जो माणूस नियमापेक्षाही जास्त काळ वाइन पिंपात ठेवायचा, तो 2012 मध्येच तिच्यावर रिझेर्वाचं लेबल कशाला चिकटवेल? दोन मिनिटांचं गणित. ते न करता मी मनात म्हटलं, अरे वा, म्हणजे ही तर आणखीच दुर्मिळ. जे अशक्य होतं तेच त्याने दुर्मिळ म्हणून विकलं, आणि घेणाऱ्याला सगळी हकीकत ठाऊक असल्यामुळेच ते विकलं गेलं. ज्याला 2012 ची रात्र माहीत नाही त्याला ही थाप मारताच आली नसती.

माझी बाजूही ऐका. भाव स्वस्त नव्हता. 200 युरोला देतो म्हणाला असता तर शेंबड्या पोरालाही संशय आला असता. 540 म्हणजे लिलावाच्या भावाच्या जरासाच खाली, शिवाय लिलावात बोलीवर जे कमिशन चढतं ते वाचणार. 1999 आणि 2004 दोन्ही खरोखर निघालेली सालं. लेबलं किंचित मळकी, एकाचा कोपरा ओलसर डाग पडलेला, तळघरातल्या बाटलीचा असतो तसा. (असा डाग चहाच्या पाण्याने पाडता येतो.) आणि 1999 च्या बाटल्या बहुतेक खऱ्याच आहेत. काच आणि लेबल खरं, आतलं दुसरं. नावाजलेल्या वाइनच्या रिकाम्या बाटल्या ऑनलाइन राजरोस विकल्या जातात. तेव्हा चांगली बाटली संपवलीत की लेबलावर चाकूने उभी चीर मारा, आणि हॉटेलात प्यायलात तर वेटरसमोर मारा. लाजू नका.

खात्याचा क्रमांक आला तेव्हा दुसरी घंटा वाजली. माणूस इटलीतल्या सिएनाचा म्हणे, पण आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) एलटी या अक्षरांनी सुरू होणारा. इटलीचा आयबॅन आयटीने सुरू होतो आणि 27 अक्षरी असतो. हा 20 अक्षरी, लिथुआनियाचा. मोबाइलवर दहा मिनिटांत उघडतात त्यातलं खातं. "मुलाचं खातं आहे" म्हणाला. पौंडात देशातल्या देशात पैसे पाठवले तर ब्रिटिश बँक खातेदाराचं नाव जुळतं का ते दाखवते. मी युरोत बाहेर पाठवले, तेव्हा असं काही दाखवलं नाही. क्रेडिट कार्ड चालेल का विचारलं तर दोन टक्के जास्त पडतील म्हणाला. 66 युरो 70 सेंट वाचवायला गेलो. कार्डने भरले असते तर 1974 च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम 75 खाली 100 पौंडांच्या वरच्या वस्तूसाठी कार्ड कंपनीला धरता आलं असतं, विक्रेता परदेशात असला तरी. कार्ड नको म्हणणाऱ्याकडून बाटली घेऊ नका.

पार्सल नवव्या दिवशी आलं. थर्मोकोलचा साचा, सहाही बाटल्या धड, आणि सहाही बाटल्यांत वाइनची पातळी अगदी एकसारखी, बुचाच्या खाली बोटभर. 1999 च्या आणि 2008 च्या बाटल्यांत एकच पातळी! बुचातून वाइन कणाकणाने उडते, प्रत्येक बूच वेगळं, त्यामुळे जुन्या बाटल्या रांगेत उभ्या केल्या की पातळीची रेषा वरखाली दिसलीच पाहिजे. फोटो मागाल तेव्हा बाटल्या उभ्या करून, मागे दिवा लावून मागा. ब्लँकेटवर आडव्या बाटल्यांचा फोटो हा फोटोच नव्हे.

मग मानेवरची सरकारी पट्टी. डीओसीजी वाइनला (हा इटलीतला सर्वात वरचा दर्जा, ब्रुनेल्लो त्यातलीच) इटलीच्या सरकारी छापखान्याची क्रमांक असलेली पट्टी लागते आणि प्रत्येक बाटलीचा क्रमांक वेगळा असतो. 2004 च्या दोन्ही बाटल्यांवर क्रमांक एकच. अक्षरं तीच, आकडे तेच, शेवट 417. फोटोत एक बाटली अशी कलती ठेवली होती की पट्टीची पहिली दोनच अक्षरं दिसावीत. दहापट भिंगाखाली खऱ्या पट्टीवरची बारीक छपाई सलग रेघांची असते. इथे ठिपके होते, कडेला पसरलेले. इंकजेट. 1200 रुपयांचं भिंग पुण्याहून येताना आणलेलं घरात पडून होतं.

अतिनील टॉर्चबद्दलही सांगतो, कारण हल्ली जो तो टॉर्च घेऊन हिंडतो. कागद निळसर पांढरा चमकला म्हणजे खोटा, हे 1930-40 च्या बाटल्यांना लागू. कागद उजळवणारी रसायनं 1950 च्या सुमारास वापरात आली, त्यामुळे 1999 चं खरं लेबलही चमकू शकतं. एकाच सालाच्या दोन बाटल्यांची लेबलं वेगवेगळी चमकली, तर मात्र विचारा.

2008 ची एक उघडली. तसंही ती ठेवून करणार काय? कॅप्सूलच्या, म्हणजे बुचावरच्या टोपणाच्या, आत गोंदाचा पट्टा, पिवळट, बोटाला चिकटणारा. बूच करकर आवाज करत आलं आणि बाहेर पडताच फुगलं. फूटपट्टी लावली: 23 मिलिमीटर. बाटलीच्या मानेचं आतलं तोंड साधारण साडेअठरा. नवं बूच 24 चं असतं, ते दाबून बसवतात. दहा-पंधरा वर्षं दबून राहिलेलं बूच मानेइतकंच बारीक राहतं, खालचं टोक काळपट जांभळं होतं आणि कडेने वाइनचे ओघळ वर चढलेले असतात. इथे खालचं टोक गुलाबी, जेमतेम महिन्याभराचं. पेल्यात ओतल्यावर उरलीसुरली आशाही गेली. सांजोवेझे, त्यातून सोल्देराची, फिकट डाळिंबी असते, कडेला विटकरी छटा, पेल्यामागचं वर्तमानपत्र वाचता यावं इतकी पारदर्शक. ही शाईसारखी होती. आणि नाकाला व्हॅनिला! ज्या माणसाने छोट्या नव्या पिंपांवर आयुष्यभर तोंडसुख घेतलं, त्याच्या नावाच्या बाटलीतून व्हॅनिला. तळाला गाळाचा कण नाही. न गाळलेली वाइन दोन दिवस उभी ठेवली तर तळाशी बारीक साय बसतेच. सांजोवेझेचा रंग कसा असतो ते डोळ्यांत बसवायला मॉन्ताल्चीनोच लागतं असं नाही. अकलूजकडेही हे द्राक्ष लावतात, वाइनही निघते. आधी दहा साध्या बाटल्या प्या, मग 540 युरोच्या नादी लागा.

आता तक्रार. बँक म्हणाली, 7 ऑक्टोबर 2024 पासून फसवून पैसे पाठवायला लावलं तर 85,000 पौंडांपर्यंत भरपाईचा नियम आहे, पण तो देशातल्या देशात पौंडात पाठवलेल्या पैशांना. तुम्ही युरोत बाहेर पाठवलेत. बरं, लिथुआनियातल्या खात्यावरून पैसे परत मागवा म्हटलं, तर मागवले, अकरा दिवसांनी उत्तर आलं: खात्यात शिल्लक नाही. फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने 40 मिनिटं फोनवर ठेवून एक क्रमांक दिला आणि 28 दिवसांनी कळवलं की तपासाला पुरेसा धागा नाही. धागा? माझ्याकडे आयबॅन आहे, पार्सल जिथून निघालं त्या कुरिअर कार्यालयाचा शिक्का आहे, एकाच क्रमांकाच्या दोन सरकारी पट्ट्या आहेत. आणखी काय, त्याला हात धरून घेऊन येऊ? फोनवरच्या बाईंनी विचारलं, "वाइन पिण्यालायक होती का?" ग्राहक खात्याने सांगितलं विक्रेता व्यापारी नाही, खासगी इसम आहे, आमच्याकडे येत नाही. इटलीत लिहिलं तर म्हणे तक्रार इटालियनमध्ये द्या आणि सहीला स्वतः या.

करवाल्यांची तर कमालच. वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत पाठवला किंवा त्यांच्या परवानगीने नष्ट केला, तर आयातीचा कर परत मिळू शकतो. परत पाठवायचा कोणाला? बरं, नष्ट करतो म्हटलं. तर तक्रार कार्यालयाचं पत्र आहे की पुरावा जपून ठेवा, नष्ट करू नका. एका टेबलावर जपा, दुसऱ्या टेबलावर फोडा, आणि 577 पौंड 21 पेन्स तिसऱ्याच्या खिशात. दोन्ही पत्रं एकमेकांना जोडून पाठवली. उत्तर आलं, आपला पत्रव्यवहार नोंदवला आहे.

एक चूक माझी. बाटली उघडताना चित्रीकरण केलं नाही. पार्सल फोडण्यापासून बूच मोजेपर्यंत एकाच सलग व्हिडिओत घ्या, फूटपट्टी दिसली पाहिजे. कॅप्सूल, बूच, पट्टी वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. उरलेली वाइन छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवा. मी मोरीत ओतली, रागाने. आणि विक्रेत्याशी बोलणं त्याच्या मेसेजवरच चालू ठेवा. मी चिडून शिव्या दिल्या, त्याने अख्खा संवाद पुसला. माझ्याकडे स्क्रीनशॉट होते ते फक्त भावाचे.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने तसाच फोटो फिरत होता. तेच हिरवं-तांबडं चौकटीचं ब्लँकेट. चार बाटल्या, प्रत्येकी 560, दोन 2001 च्या आणि दोन 'रिझेर्वा 2009'. पट्टीचा सरळ समोरून फोटो मागा, आणि क्रमांक 417 वर संपत असेल तर तो आधी माझ्याकडे येऊन गेला आहे.