लॅपटॉपवरची स्लाइड टॅबवर न्यायची कशी? केबल, पेनड्राइव्ह, वाय-फाय की ड्राइव्ह

माझी सादरीकरणं तयार होतात लॅपटॉपवर आणि दाखवली जातात टॅबवर. शेतकरी उत्पादक कंपनीच्या कामानिमित्त मी मारेगाव, वणी, झरी या पट्ट्यातल्या गावांत कापसाच्या बैठका घेते. बैठक कधी मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात असते, कधी ग्रामपंचायतीच्या खोलीत, कधी थेट वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर. लाइन राहील याचा भरवसा नसतो, प्रोजेक्टर तर दूरच. टॅब हातात धरून पंधरा-वीस जणांमध्ये फिरवता येतो, लॅपटॉप तसा फिरवता येत नाही. त्यामुळे घरी केलेली फाइल टॅबवर नेणं हे माझं दर आठवड्याचं काम आहे. कृषी सहायक, जिल्हा परिषदेचे शिक्षक, बचत गटांच्या ताई अशा बऱ्याच जणांना हाच प्रश्न पडतो, म्हणून वापरून पाहिलेल्या सगळ्या वाटा इथे एकमेकींशेजारी ठेवते आहे.

आधी एक प्रसंग सांगते, कारण माझी निवड त्यावरूनच ठरली. गेल्या हंगामात एका गावात मी कामगंध सापळ्यांच्या, म्हणजे बोंडअळीचे नर पतंग गंधाने ओढून पकडणाऱ्या सापळ्यांच्या, तक्त्याची स्लाइड उघडली. सापळ्यात रोज पाच-सहा पतंग, म्हणजे अजून फवारणीची गरज नाही, असं मी बोलूनही गेले. मागे बसलेले एक काका म्हणाले, "ताई, हे आकडे कवाचे हायेत जी? माह्या वावरात तं तीन दिसापासून अकरा-बारा येऊन रायले." त्यांचं बरोबर होतं. नवे आकडे मी आदल्या रात्री लॅपटॉपवर भरले होते. टॅबवर उघडली गेली ती मागच्या आठवड्याची प्रत. गुलाबी बोंडअळीसाठी एका सापळ्यात रोज ८ पतंग, तेही सलग ३ रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात, म्हणजे तिथून पुढे फवारणीचा विचार करायचा. म्हणजे दोन प्रतींमधला सल्ला अगदी उलटा होता. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली बोंडअळीने पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पोखरली आणि त्याच हंगामात फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली. फवारणी करा किंवा करू नका, हे सांगताना आकडा जुना असणं मला परवडत नाही.

म्हणून पुढची तुलना वाचताना वेगापेक्षा एका गोष्टीकडे जास्त लक्ष द्या: त्या वाटेने फाइलच्या किती प्रती तयार होतात, आणि त्यातली ताजी कोणती हे टॅबवर ओळखता येतं का.

केबल की पेनड्राइव्ह

नेटवर्क नसलेल्या गावात खरी लढत या दोघांतच आहे. माझी नेहमीची फाइल ६० एमबीच्या आसपास असते: चोवीस स्लाइड, डोमकळीचे (अळीमुळे न उमललेल्या फुलांचे) आणि किडक्या बोंडांचे जवळून काढलेले फोटो आणि एक छोटा व्हिडिओ. केबलने ती काही सेकंदांत जाते. डेटा लागत नाही, ॲप लागत नाही, आणि तेवढ्या वेळात टॅब थोडा चार्जही होतो.

तरीही "केबल लावली, पण लॅपटॉपला टॅब दिसतच नाही" ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकते. कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. पहिलं, केबल फक्त चार्जिंगची असते. स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि बाहेरून ते कळत नाही. डेटा जातो अशी खात्री झालेली एक केबल बाजूला काढा, तिला रंगीत चिकटपट्टी लावा आणि घरात कुणाला चार्जिंगला देऊ नका. दुसरं, अँड्रॉइड टॅब जोडल्यावर तो आपणहून फक्त चार्ज होऊ लागतो. वरून सूचनांचा पडदा खाली ओढायचा, यूएसबीच्या सूचनेवर टेकवायचं आणि "फाइल ट्रान्सफर" निवडायचं. टॅबचं कुलूप उघडं हवं. एवढं केलं की लॅपटॉपवर टॅबचा फोल्डर उघडतो.

इथे एक सावधगिरी. केबल लावलेली असताना टॅबमधली फाइल लॅपटॉपवर दोनदा टिचकी मारून उघडू नका आणि तिच्यात बदल करू नका. लॅपटॉप तिची तात्पुरती प्रत उघडतो. तुम्ही जपून ठेवलं असं तुम्हाला वाटतं, पण टॅबमधली फाइल तशीच जुनी राहते. बदल लॅपटॉपमधल्या मूळ फाइलमध्ये करायचा आणि टॅबमधली जुनी फाइल काढून नवी टाकायची.

पेनड्राइव्ह घ्यायचाच असेल तर दोन तोंडांचा घ्या: एका बाजूला साधं यूएसबी, दुसऱ्या बाजूला टाइप-सी. टॅब जुना आणि मायक्रो यूएसबीचा असेल तर ओटीजीचा तुकडा, म्हणजे पेनड्राइव्ह टॅबला लावायचा छोटा जोड, वेगळा लागतो. काही टॅबमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी सुरू करावं लागतं. पेनड्राइव्ह लॅपटॉपवर एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असला, तर बरेचसे अँड्रॉइड टॅब तो वाचत नाहीत, "फॉरमॅट करू का?" म्हणून विचारतात. तिथे घाईत "हो" दाबलं की आतलं सगळं गेलं. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला जवळपास सगळीकडे चालतो, फक्त ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यात मावत नाही. सादरीकरणाला तेवढी जागा लागतच नाही.

पेनड्राइव्हचा मोठा फायदा म्हणजे तो तिसऱ्यालाही देता येतो. तालुक्याच्या सभागृहात दुसऱ्याचा संगणक आणि प्रोजेक्टर असेल तर हाच कामी येतो. पण तीच त्याची खोडही आहे. झेरॉक्सच्या दुकानात, ऑनलाइन फॉर्म भरण्याच्या केंद्रात, इथे-तिथे लावलेला पेनड्राइव्ह शॉर्टकट व्हायरस (फाइली लपवून त्यांच्या जागी नकली शॉर्टकट ठेवणारा) घेऊन घरी येतो. शिवाय फाइल लॅपटॉपवर एक, पेनड्राइव्हमध्ये एक आणि टॅबवर एक, अशा तीन प्रती होतात. केबलला दोनच. मला हा फरक मोठा वाटतो.

तारेशिवाय

ब्लूटूथचं थोडक्यात सांगते. ६० एमबीच्या फाइलला सगळं सुरळीत चाललं तरी चार-पाच मिनिटं जातात, आणि मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. दोन पानांच्या नोंदीसाठी ठीक, सादरीकरणासाठी नाही.

पूर्वी गावागावांत फाइल पाठवायला शेअरइट आणि झेंडर ही ॲप चालायची. जून २०२० मध्ये सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात हे दोन्ही गेले. कुणी आजही त्यांची फाइल कुठून तरी उतरवून देत असेल तर घेऊ नका. त्यांची जागा आता क्विक शेअरने घेतली आहे. गूगलचं निअरबाय शेअर आणि सॅमसंगचं क्विक शेअर जानेवारी २०२४ मध्ये एका नावाखाली आले. अँड्रॉइड टॅबवर ते असतंच, विंडोज लॅपटॉपवर एकदा टाकून घ्यावं लागतं. दोन्हीकडे ब्लूटूथ आणि वाय-फाय सुरू ठेवायचं आणि उपकरणं जवळ ठेवायची. दुसरा चांगला पर्याय लोकलसेंड हे ॲप. ते मोफत आहे, मुक्त स्रोत (म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना बघता येतो) आहे आणि विंडोज, अँड्रॉइड, आयपॅड सगळीकडे चालतं. त्याला दोन्ही उपकरणं एकाच वाय-फायवर हवीत. घरी वाय-फाय नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप व टॅब दोन्ही त्यावर जोडा. फाइल इंटरनेटवर जातच नाही, घरातल्या घरात फिरते, त्यामुळे डेटा खर्च होत नाही.

केबल हरवली किंवा टॅबचं चार्जिंगचं तोंड ढिलं झालं असेल, तर मी लोकलसेंडच वापरीन.

व्हॉट्सॲप आणि ड्राइव्ह

स्वतःलाच व्हॉट्सॲपवर फाइल पाठवणं सगळ्यांना जमतं, म्हणूनच सगळे तेच करतात. २ जीबीपर्यंतची फाइल जाते, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर आतले फोटो खराब होत नाहीत. पण ६० एमबी आधी वर चढते, मग ६० एमबी खाली उतरते. लॅपटॉप आणि टॅब दोन्ही एकाच मोबाइलच्या डेटावर असतील, तर एका फेरीला १२० एमबी जातात. एका रात्रीत तीनदा सुधारणा केली की ३६० एमबी संपले. आणि माझा मूळ आक्षेप इथे सर्वांत जास्त लागू पडतो: तीनदा पाठवलं की टॅबवर एकाच नावाच्या तीन फाइली बसतात. बैठकीच्या धांदलीत बोट कोणत्या फाइलवर पडेल सांगता येत नाही. ईमेलचंही तेच, वर जीमेलला २५ एमबीची मर्यादा. त्यापुढची फाइल ड्राइव्हची लिंक होऊन जाते, आणि लिंक नेटवर्कशिवाय उघडत नाही.

गूगल ड्राइव्ह या बाबतीत खरंच चांगलं आहे. फाइल एकच राहते, नवी आवृत्ती तिच्याच जागी चढवता येते आणि जुनी हवी असेल तर तीही सापडते. जीमेल आणि फोटो धरून १५ जीबी मोफत मिळतात. वणीत किंवा यवतमाळला राहून काम करणाऱ्याला मी ड्राइव्हच सुचवीन. आतल्या गावांसाठी मात्र फाइलवर "ऑफलाइन उपलब्ध करा" ही खूण करावी लागते, आणि खूण केली म्हणजे काम झालं असं नाही. नंतर लॅपटॉपवर केलेला बदल टॅब नेटवर्कमध्ये येईपर्यंत त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. निघण्याआधी घरीच फाइल एकदा उघडून बघावी लागते.

आयपॅड असेल तर गणित थोडं बदलतं. ॲपलचं तारेशिवाय फाइल पाठवणारं एअरड्रॉप विंडोज लॅपटॉपशी जुळत नाही, आणि केबल लावून अँड्रॉइडसारखा साधा फोल्डरही उघडत नाही. तिथे पेनड्राइव्ह किंवा लोकलसेंड. २०१९ च्या आयपॅडओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये पेनड्राइव्ह उघडतो.

फाइल पोहोचली, पण अक्षरं?

फाइल नेण्याची वाट कोणतीही निवडा, ही अडचण त्यानंतरची आहे आणि मराठीत काम करणाऱ्याला ती जास्त छळते. एका कार्यालयाकडून आलेली फाइल मी टॅबवर उघडली, तर शीर्षकाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंस यांचा नुसता खच. शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "काऊन असं दिसून रायलं वो ताई?" ती फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये लिहिलेली होती. युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या उपकरणांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. कृतिदेव किंवा शिवाजीसारख्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर आत इंग्रजी अक्षर म्हणूनच साठवलेलं असतं. तो फॉन्ट टॅबवर नसला की आतलं इंग्रजी उघडं पडतं. यावर खात्रीचा उपाय एकच: मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा लिहून किंवा रूपांतर करून घेणं.

युनिकोडमध्येही छोटी अडचण आहे. विंडोजवर मंगल किंवा निर्मला फॉन्ट असतो, अँड्रॉइडवर साधारणपणे नोटो सान्स देवनागरी. फॉन्ट बदलला की अक्षरांची रुंदी बदलते, एक ओळ वाढते आणि चौकटीतली शेवटची ओळ खालच्या फोटोवर चढते. नोटो मोफत आहे. मी तो लॅपटॉपवर टाकून घेतला आणि स्लाइड त्यातच लिहू लागले, तेव्हापासून हा त्रास बराच कमी झाला. प्रत्येक चौकटीत एका ओळीची जागाही रिकामी सोडते.

व्हिडिओ एमपी४ मध्येच ठेवा, लॅपटॉपवर चालणारा डब्ल्यूएमव्ही प्रकारचा व्हिडिओ टॅबवर बहुधा अडतो. स्लाइडमध्ये तो "लिंक" करून नव्हे, आत घालून ठेवा, नाहीतर फाइल येते आणि व्हिडिओ घरी राहतो. मी व्हिडिओची वेगळी प्रतही त्याच फोल्डरमध्ये ठेवते. टॅब विकत घेणार असाल तर आणखी एक: मायक्रोसॉफ्टच्या पॉवरपॉइंट ॲपमध्ये मोफत फेरफार करण्याची सोय १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यासाठी आहे, मोठ्या पडद्याला वर्गणी लागते. आणि तो पुढेमागे प्रोजेक्टरला जोडायचा असेल, तर टाइप-सीमधून चित्र बाहेर जातं का हे दुकानातच जोडून बघा. स्वस्त टॅबमध्ये बहुधा जात नाही.

पीडीएफचा पर्याय कमी लेखू नका. फॉन्ट तिच्या आतच येतात, कुठल्याही टॅबवर ती तशीच दिसते. व्हिडिओ आणि एकेक ओळ पुढे येण्याची हालचाल तेवढी जाते. एकेक ओळ दाखवायची असेल तर त्या टप्प्यांच्या वेगळ्या स्लाइडच करा.

मी काय निवडलं

फाइल एकाच दिशेने जाते. बदल फक्त लॅपटॉपवर, टॅब फक्त दाखवायला. बैठकीत कुणी आकडा सुधारून सांगितला तर तो वहीत लिहिते आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर भरते. टॅबवर फेरफार करायची सवय लागली की दोन वेगवेगळ्या "ताज्या" प्रती होतात, आणि त्या जुळवण्यात अर्धी रात्र जाते. ज्यांना दोन्हीकडे बदल करावेच लागतात, उदाहरणार्थ वर्गात मुलांसमोर स्लाइडवर लिहिणारे शिक्षक, त्यांनी ड्राइव्ह घ्यावं आणि शाळेत नेटवर्क येतं त्या कोपऱ्यात रोज एकदा टॅब सुरू ठेवावा. दुसऱ्यांच्या संगणकावर वारंवार दाखवावं लागणाऱ्यांनी पेनड्राइव्ह ठेवावा, पण त्यात पीडीएफही टाकावी. बाकी माझ्यासारख्यांना केबल.

पहिल्या स्लाइडच्या उजव्या कोपऱ्यात मी आता तारीख लिहिते, मोठ्या अक्षरात. फाइलच्या नावातली तारीख फाइल उघडल्यावर दिसत नाही, स्लाइडवरची दिसते. टॅबवर बैठकीचा एकच फोल्डर आहे आणि नवी फाइल टाकण्याआधी तो रिकामा करते: एक पीपीटी, एक पीडीएफ, एक व्हिडिओ. मग टॅब विमान मोडवर टाकून ओट्यावर बसते आणि सगळ्या स्लाइड एकदा सरकवून बघते. तक्त्याच्या स्लाइडवर थांबून वहीतल्या आकड्यांशी ताळा करते, आणि मग टॅब पिशवीत जातो.