मोटारपंपाच्या दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर: निपाणीच्या तीन बिलांनंतरचा अभिप्राय

कोल्हापुरात आमचं मोटारपंप आणि पाइप-फिटिंगचं दुकान आहे. हिशेबाचं काम माझ्याकडे. जून २०२१ पासून एकच बिलिंग सॉफ्टवेअर वापरतेय. त्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे, आणि ती गोष्ट कुठलंही सॉफ्टवेअर घेताना तपासून बघावी अशी आहे.

मामंजी हिशेब बघायचे तेव्हा राज्यातल्या मालाला व्हॅट आणि परराज्यातल्या मालाला सीएसटी, म्हणजे केंद्रीय विक्रीकर, होता. कोइंबतूरहून पंप आला की सी फॉर्मवर, म्हणजे खरेदीदाराने द्यायच्या सवलतीच्या दराच्या दाखल्यावर, २ टक्के सीएसटी लागायचा. तो परत मिळायचा नाही, खरेदीच्या किमतीतच मिसळायचा. कर्नाटकातल्या निपाणीला माल पाठवला तर उलटा घोर: तिकडच्या दुकानदाराचा सी फॉर्म हातात पडेपर्यंत झोप नाही. फॉर्म आला नाही तर फरकाचा कर आमच्या खिशातून. एका फॉर्मसाठी मामंजींनी चार हेलपाटे घातलेले मी पाहिलेत. १ जुलै २०१७ ला केंद्राचे आणि राज्याचे कर जीएसटीत एकत्र आले आणि आमच्या मालापुरता तो फॉर्म संपला. कोइंबतूरच्या बिलावरचा आयजीएसटी (परराज्यातल्या व्यवहारावरचा जीएसटी) आता क्रेडिटमध्ये मिळतो, म्हणजे आम्ही भरायच्या करातून वजा होतो. आमच्या धंद्याला हा मोठा दिलासा आहे, हे मी कुणालाही सांगेन.

पण हेलपाटे संपले तसं वेगळं काम वाढलं. पुरवठादाराने त्याचं विवरण भरलं आणि आपलं बिल २बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांच्या विवरणांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणाऱ्या यादीत, दिसलं, तरच क्रेडिट. १ जानेवारी २०२२ पासून हे पक्कं झालं. म्हणजे पैसे आपण मोजलेले, तरी क्रेडिट त्याच्या हातात. सॉफ्टवेअर इथे खरंच कामाला येतं. महिन्याच्या १४ तारखेला २बी आलं की ते आमच्या खरेदीशी जुळवून न सापडलेली बिलं लाल रंगात दाखवतं. एका पाइपवाल्याची सलग दोन महिन्यांची बिलं अशी लाल दिसली. फोन केला, तेव्हा कळलं की त्याने विवरणच भरलं नव्हतं. २० तारखेच्या, म्हणजे आपलं विवरण भरायच्या मुदतीच्या, आत समजलं म्हणून तेवढी रोख बाजूला काढून ठेवता आली. हातवहीवर हे मला कधीच जमलं नसतं.

दर बदलताना पण ते चुकलं नाही. १८ जुलै २०२२ ला पाण्याच्या विजेवरच्या पंपांचा दर १२ वरून १८ टक्के झाला. जूनमध्ये विकलेला एक पंप ऑगस्टमध्ये परत आला, तर क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची वजावट दाखवणारा कागद) बरोबर १२ टक्क्यांचीच निघाली. त्या दिवसांत गिऱ्हाइकांना समजावणं मात्र जड गेलं. शेतकरी बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ बघून विचारतो, "वहिनी, दोनदा कर का हो?" कर एकच, निम्मा दिल्लीचा आणि निम्मा मुंबईचा, असं सांगते. पण आम्हाला मिळतं ते क्रेडिट त्याला नाही, सगळा भार त्याच्यावरच, हे मला आजही बोचतं.

आता तक्रार. निपाणीच्या नव्या दुकानदाराची नोंद करताना माझ्याकडून राज्य 'महाराष्ट्र' राहिलं. त्याचा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो, म्हणजे कर्नाटक. आपला २७. सॉफ्टवेअरने एका शब्दाने विचारलं नाही. तीन बिलं आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटीची गेली. चूक माझी, पण क्रमांकाचे पहिले दोन आकडे आणि राज्य ताडून बघणं ही यंत्राला सहज जमणारी गोष्ट आहे. मग आयजीएसटी नव्याने भरायचा आणि चुकून भरलेल्याचा परतावा मागायचा. व्याज लागत नाही, पण पैसे अडकतात.

मदत केंद्रातल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं, पण राज्य चुकलं की सावध करणारी सूचना सॉफ्टवेअरमध्ये अजून आलेली नाही. ई-वे बिल (माल नेताना लागणारा ऑनलाइन कागद) त्याच पडद्यावरून निघतं, ते ठीक आहे. पाचपैकी चार तारे देते. विकत घेण्याआधी परराज्यातल्या एका गिऱ्हाइकाची मुद्दाम चुकीची नोंद करा आणि सॉफ्टवेअर तुम्हाला अडवतं का ते बघा.